शंकराजीपंत सचिव आणि त्यांच्या मनातील पेच

भोरपासून थोड्याच अंतरावर आंबवडे हे गाव आहे. तेथील नागेश्वराचे जुने देऊळ, गर्द झाडी व संस्थानच्या अमदानीत बांधलेला झुलता पूल पाहावयास पुष्कळ मंडळी जातात. पुलावर उभे राहून खालच्या ओढ्याकडे पाहतात व परत फिरतात. तेथेच एक समाधी आहे, तिच्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. ती भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण गांडेकर, पंत सचिव, यांची होय. हा पराक्रमी व इमानी पुरुष इ. स. १७०७ च्या अखेरीस याच ठिकाणी आपल्या हाताने आपल्या जीविताचा शेवट करून बसला. शत्रूने त्यांस गाठले नव्हते, त्यांच्यावर कसला आरोप नव्हता, रोगाने त्यांस जर्जर केले नव्हते. त्यांच्या मनाला एक पेच पडला आणि तो सुटत नाही असे त्यांच्या मनाने ठरविले, एवढेच कारण इतिहासाने नमूद केले आहे.

जुबिलीच्या स्मरणिकेत, जेथे आनंदाचे लेख शोभावे तेथे, हे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या धर्मगुरूने पंचवीस-तीस वर्षे लोकांची दुःखे ऐकली आहेत त्यास या पेचाची ओळख पटते. कर्ज झालेला शेतकरी, परीक्षेत नापास झालेला मुलगा, दोन भावांच्या भांडणात सापडलेली आई, घर व नोकरी यांच्या ओढाताणीत थकलेला मनुष्य, यांच्या गोष्टी निरनिराळ्या असतात; परंतु गोष्टीच्या शेवटी जे एक वाक्य येते ते बहुतेक एकच असते, की आता दोन्हीकडून वाट बंद झाली. ते वाक्य उच्चारणाऱ्याला ती वस्तुस्थिती वाटते. पुष्कळदा ती वस्तुस्थिती नसून थकलेल्या मनाची एक सवय असते. शंकराजीपंतांच्या बाबतीत आपल्याला अशी सोय आहे की, पुढे काय घडले हे आपण जाणतो, आणि म्हणून वाटा खरोखर किती होत्या हेही मोजून पाहू शकतो.

प्रथम त्यांची योग्यता. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि येसूबाई राणीसाहेब व सात वर्षांचा बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज दूर कर्नाटकात जिंजीस जाऊन राहिले. मागे महाराष्ट्रात राजा नाही, खजिना नाही, आणि खुद्द औरंगजेब बादशहा अफाट सैन्यानिशी देशात तळ देऊन बसलेला, अशा काळात ज्या थोड्या माणसांनी राज्य जगविले त्यांत रामचंद्रपंत अमात्य यांच्या खालोखाल शंकराजीपंतांचे नाव घ्यावे लागते. संताजी घोरपडे व धनाजी जाधव मैदानात लढत होते. परंतु लढणाऱ्यास धान्य, दारूगोळा व पैसा पुरविणे, पडलेला गड परत घेणे, घेतलेला गड सांभाळणे हे काम या कारभाऱ्यांचे. शंकराजीपंतांकडे मुख्यतः मावळचा मुलूख होता. आज आपण ज्यास भोर व वेल्हे म्हणतो (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे), तेथील राजगड, तोरणा व रोहिडा हे गड त्यांच्या कारकिर्दीशी जडलेले आहेत. १६९७ च्या सुमारास त्यांना जी जहागीर मिळाली तीच पुढे भोर संस्थान झाली.

त्या कामातील एक भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मावळातील देशमुख-देशपांडे यांची स्थिती त्या काळी फार बिकट होती. वतन टिकावे म्हणून कोणी मोगलांकडे जाई, पुन्हा पस्तावून स्वराज्यात येई, पुन्हा डळमळे. राजाराम महाराजांच्या कारभाऱ्यांनी अशा माणसांना कायमचे परके ठरविले नाही. त्यांची समजूत घालून, वतनाचे अभयपत्र देऊन, त्यांस परत घेण्याचे धोरण त्यांनी ठेविले, आणि मावळात हे धोरण चालविणाऱ्यांपैकी शंकराजीपंत प्रमुख होते. म्हणजे ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बदललेल्या निष्ठा पदरात घेतल्या, त्यास स्वतःच्या निष्ठेला पडलेला एक पीळ सोसवला नाही. हे विचित्र दिसते. पण अनुभव असाच आहे. शेजाऱ्याच्या चुकीला आपण शंभर कारणे शोधतो. स्वतःच्या चुकीला, किंबहुना न घडलेल्या चुकीलाही, एकच कारण देतो, की आपण नालायक. दयेची दोन मापे ठेवणे ही भल्या माणसांचीच सवय असते. वाईट माणसांचे माप याच्या उलट असते.

१७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. ताराबाई राणीसाहेबांनी आपला लहान मुलगा शिवाजी यास गादीवर बसवून राज्याची सूत्रे हाती घेतली आणि सात वर्षे औरंगजेबाशी असा झगडा दिला की त्यास इतिहासात जोड थोडी. या सात वर्षांत आपल्या मुलुखाने फार सोसले. १७०३ साली सिंहगड मोगलांकडे गेला. १७०४ मध्ये राजगड व पाठोपाठ तोरणा गेला. पुढे सिंहगड व राजगड परत मिळविण्यात आले. तेव्हा १७०७ साली शंकराजीपंत अठरा वर्षांच्या अखंड धकाधकीने शिणलेले गृहस्थ होते, हे विसरून त्यांच्या शेवटच्या दिवसांचा विचार करणे न्यायाचे होणार नाही. ताज्या शरीरास जे कोडे वाटते तेच शिणलेल्या शरीरास कारागृह वाटते. आमच्याकडे कोणी निराशेची गोष्ट घेऊन आला तर पहिला प्रश्न आम्ही झोपेविषयी विचारतो. काही लोकांना तो प्रश्न फार सामान्य वाटतो.

फेब्रुवारी १७०७ मध्ये औरंगजेब मेला. मे महिन्यात शाहू महाराज सतरा वर्षांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे निघाले. ज्या राज्यासाठी मराठे लढले त्याचा थोरल्या शाखेचा वारस परत येत होता. ही आनंदाची वार्ता. पण गादीवर तर दुसरा मुलगा बसला होता, आणि त्याच्या आईने राज्य वाचविले होते. ताराबाईंनी येणारा पुरुष खरा शाहू नसून तोतया आहे असे जाहीर केले आणि आपल्या प्रमुख सरदार-मुत्सद्द्यांकडून मुलाशी इमान राखण्याच्या शपथा घेतल्या. दूधभातावर हात ठेवून या शपथा झाल्या असे सांगतात. शंकराजीपंतांनीही शपथ घेतली.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. राजाराम महाराजांनी आपण शाहूच्या वतीने राज्य चालवीत आहोत, तो कधीतरी परत येईल तेव्हा राज्य त्याचेच, ही भूमिका घेतली होती. आणि या आशयाचे त्यांचे एक पत्र खुद्द शंकराजीपंतांस लिहिलेले आहे. म्हणजे एका बाजूस मृत धन्याचा असा स्पष्ट उद्देश, आणि दुसऱ्या बाजूस त्याच धन्याच्या विधवेपुढे व मुलापुढे घेतलेली शपथ. पेच खोटा नव्हता. मनाच्या दुखण्याविषयी बोलताना काही लोक सगळाच प्रकार भ्रम म्हणून झटकून टाकतात. तसे करणे निर्दयपणाचे आहे. पुष्कळदा दुःखाचे कारण खरे असते. त्या कारणावरून मनाने काढलेला निष्कर्ष मात्र चुकलेला असतो.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेच्या काठी खेड येथे दोन्ही सैन्यांची गाठ पडली. ताराबाईंच्या बाजूने सेनापती धनाजी जाधव व प्रतिनिधी परशुराम त्रिंबक हे होते. धनाजींनी आलेला पुरुष तोतया नसून खरा शाहू आहे अशी आपली खात्री करून घेतली होती, व लढाईच्या वेळी त्यांनी शाहूविरुद्ध जोर केला नाही. ते त्यास मिळाले. परशुरामपंत पराभव पत्करून साताऱ्याकडे गेले. आणि विजयी शाहू महाराज दक्षिणेस सरकत सचिवांच्या मुलुखाच्या वेशीवर येऊन ठेपले. आता निर्णय टाळण्यास जागा उरली नाही. खऱ्या वारसाशी लढावे तर स्वामिद्रोह; त्यास मिळावे तर शपथभंग. शंकराजीपंतांनी दोहोंपैकी काहीच न करता आंबवड्यास देह ठेविला. कोणत्या रीतीने, याची चर्चा आम्ही मुद्दाम करीत नाही. बखरकारांनी ती भरपूर केली आहे व तिच्यात कोणाचे कल्याण नाही.

त्याच शपथेने बांधलेले दुसरे लोक काय करते झाले ते आता पाहू. धनाजी जाधवांनी शपथेचा शब्द तपासला. शपथ तोतयाविरुद्ध होती; माणूस तोतया नाही असे ठरल्यावर तिचा पायाच गेला, असे त्यांनी धरले. शाहूंनी त्यांस सेनापती केले. यात काही मतलब नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. पण विचार अगदीच पोकळही नव्हता. परशुरामपंतांनी शपथ अक्षरशः पाळली. त्यांनी साताऱ्याचा किल्ला शाहूविरुद्ध लढविला, हरले, कैदेत पडले. पुढे एकदा तर त्यांचे डोळे काढण्याचा हुकूम झाला होता, तो खंडो बल्लाळ चिटणिसांच्या रदबदलीने टळला. त्याच परशुरामपंतांना शाहू महाराजांनी पुढे प्रतिनिधिपद परत दिले, व १७१८ साली ते मानाने मरण पावले. रामचंद्रपंत अमात्य ताराबाईंच्याच पक्षास राहिले, कोल्हापूरच्या राज्यात त्यांनी मोठेपण भोगले, आणि राज्यनीतीवरचा प्रसिद्ध आज्ञापत्र हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. शपथ मोडणारा जगला, शपथ पाळून हरणारा जगला, शपथ पाळून दुसऱ्या राज्यात जाणाराही जगला. आंबवड्यास ज्या वाटा दोन दिसल्या, आणि दोन्ही बंद दिसल्या, त्या खरोखर निदान तीन होत्या आणि तिन्ही चालू होत्या. चौथीही होती. कारभार सोडून, शिक्के परत पाठवून, बाजूस होता आले असते.

हे सर्व आपण तीनशे वर्षांनंतर सावलीत बसून म्हणतो, हे आम्ही जाणतो. परशुरामपंतांस प्रतिनिधिपद परत मिळेल हे १७०७ च्या ऑक्टोबरात कोणास ठाऊक होते? कोणासही नव्हते, आणि आमचा मुद्दा नेमका तोच आहे. ते कोणासच ठाऊक नव्हते. शंकराजीपंतांच्या मनाला मात्र पुढचे सर्व ठाऊक असल्यासारखे वाटले. निराश मन भविष्य वर्तवू लागते आणि आपल्या भविष्यावर त्याचा विलक्षण विश्वास असतो.

अर्वाचीन मानसशास्त्राने या अवस्थेचा चांगला अभ्यास केला आहे. एडविन श्नाइडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आत्मनाशाकडे झुकलेल्या असंख्य माणसांचा विचार करून असे दाखविले की, त्या वेळी दृष्टी आकुंचित होते. बोळ्यातून पाहावे तसे दिसते, व सर्व जग दोन पर्यायांपुरते उरते. त्यांच्या मते अशा माणसास बहुधा मरण हवे असते असे नाही. त्यास असह्य वेदना थांबायला हव्या असतात. म्हणून पहिले काम वादविवाद नव्हे, तर वेदना थोडी हलकी करणे व त्याच्यासमोर कागदावर आणखी चार वाटा मांडणे, मग त्या त्यास कितीही नावडत्या असोत. नावडती वाट दिसली तरी बोळ रुंद होतो. आरन बेक या वैद्याने १९६० नंतरच्या काळात विचारांच्या या सवयींवर उपचाराची पद्धतच घालून दिली. काळे नाही तर पांढरे असे पाहणे, एका दोषावरून सर्व आयुष्याची किंमत ठरविणे, न घडलेले घडले असे धरून चालणे, या सवयी ओळखाव्या, लिहून काढाव्या, आणि त्यांना साक्षीदारासारखे उलटतपासावे, असे ती पद्धत सांगते. विचाराला पुरावा मागावा, इतके साधे ते आहे. साधे म्हणजे सोपे नव्हे. पडलेल्या मनाला ते एकट्याने बहुधा जमत नाही, आणि म्हणून दुसरा मनुष्य लागतो.

आमच्या सेमिनरीत आम्हांला हाच विषय दुसऱ्या वाटेने शिकविला गेला. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा येथे असताना आपल्या पापांच्या विचाराने इतके पछाडले गेले की, जीव द्यावा अशी ऊर्मी त्यांस वारंवार येई. त्यातून ते सुटले, आणि सुटल्यावर त्यांनी आपल्या मनाचे चढउतार एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसे पाहून ठेविले. पुढे त्यांच्या आध्यात्मिक साधनांच्या पुस्तकात त्यांनी एक नियम घातला: मन अंधारात असताना पूर्वीचा कोणताही निश्चय बदलू नये व नवा मोठा निर्णय करू नये, अंधार जाईपर्यंत धीर धरावा, आणि ज्या गोष्टीची लाज वाटते ती विश्वासू माणसापुढे उघडी करावी. ज्या निर्णयाला उद्या परत फिरवता येत नाही तो आज करू नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ. शंकराजीपंतांनी थोडा काळ थांबावयास हवे होते. जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि कोणाकडे राज्य राहणार हा प्रश्न मावळापुरता तरी निकालात निघाला.

रागाच्या व दुःखाच्या बाबतीत त्याच पिढीतील खंडो बल्लाळांचे उदाहरण आम्हांला नेहमी आठवते, म्हणून थोडे विषयांतर करून सांगतो. त्यांचे वडील बाळाजी आवजी चिटणीस यांस संभाजी महाराजांनी १६८१ साली देहान्त शासन दिले. मुलाच्या मनात काय उसळले असेल? त्याच राजाची चाकरी खंडो बल्लाळांनी पुढे केली, गोव्याच्या स्वारीत त्याचा जीव वाचविला, राजारामांबरोबर जिंजीस गेले, आणि तेथून त्यांच्या सुटकेसाठी वतनावर पाणी सोडले. त्यांनी आपले दुःख विसरले असे म्हणण्यास आधार नाही. त्यांनी त्यास कामाला जुंपले असे मात्र दिसते. भावना गेल्यावर मग जगू, असे जे म्हणतात त्यांनी हे चरित्र वाचावे.

शंकराजीपंतांच्या मरणाची त्या काळी वाहवा झाली, व अजूनही काही लोक ते शपथेपायी केलेले बलिदान म्हणून सांगतात. त्यांच्या इमानाविषयी आम्हांलाही आदर आहे. पण त्या शेवटास गौरव म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. दुसऱ्या टोकास जाऊन त्यांस दोषी ठरविणारेही असतात. आमच्या चर्चचा पूर्वीचा कायदा, १९१७ चा, बुद्धिपुरस्सर प्राण देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारीत असे. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिले नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात मनाच्या भारी क्लेशाने मनुष्याची जबाबदारी कमी होते असे स्वच्छ म्हटले आहे. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजी उपचार देण्याचे सरकारवर बंधन घातले. सरकारची टेलिमानस नावाची दूरध्वनीसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते व त्यास पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आम्ही येथे मुद्दाम छापतो. ज्या घरात कोणी गप्प गप्प राहू लागला आहे, अन्न टाकतो आहे, वस्तू वाटून टाकतो आहे, त्या घरच्यांनी तोंडाने स्पष्ट विचारावे की जीव द्यावा असे मनात येते काय. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने पुष्कळांना प्रथमच बोलता येते. त्यास एकटे सोडू नये व दवाखान्यात न्यावे.

मागे राहिलेल्यांचे काय झाले, तेवढे सांगावयाचे राहिले. शाहू महाराजांनी मृत सचिवाच्या घरावर सूड उगविला नाही. शंकराजीपंतांचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता. त्याच्याच नावे सचिवपद व जहागीर कायम करण्यात आली. ज्या धन्याच्या कोपाची धास्ती घ्यावी त्याने वस्त्रे पाठविली. परंतु वस्त्रांनी बाप परत येत नाही. मुलाच्या वतीने आईस कारभार पाहावा लागला. पुढे हिंगणगावच्या दमाजी थोराताने या बालसचिवास पकडून अडकवून ठेविले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी त्या माउलीस बाळाजी विश्वनाथाकडे धाव घ्यावी लागली. बाळाजीने मुलास सोडविले. त्या उपकाराच्या मोबदल्यात सचिवांकडील पुरंदर किल्ला पेशव्यांच्या घरात गेला. वडील असते तर काय झाले असते हा तर्क व्यर्थ आहे, परंतु त्या बाईंनी तो किती रात्री केला असेल याची कल्पना कोणत्याही विधवेस करता येईल.

आणि ताराबाई? १७१४ साली कोल्हापुरात त्यांची सत्ता त्यांच्या सवतीच्या पक्षाने काढून घेतली. त्या व त्यांचा मुलगा कैदेत पडले, ज्या मुलासाठी शपथा झाल्या होत्या तोच. पुढे १७३०-३१ च्या सुमारास कोल्हापूरकरांचा पराभव झाल्यावर त्या शाहू महाराजांच्या हाती आल्या, आणि त्यांनी परत कोल्हापुरास न जाता साताऱ्यास शाहूंच्याच आश्रयास राहणे पसंत केले. तेथे त्या १७६१ पर्यंत जगल्या. त्या साताऱ्यास राहावयास आल्या त्या वेळी शाहू महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिवाच्या जागी शंकराजीपंतांचा मुलगा नारो शंकर होता.